मशागत आणि राखण : उत्पत्तीची कथा गाणगापूरच्या शिवारात वाचताना

इंग्रजीतल्या ‘स्टुअर्डशिप’ला मराठीत काय म्हणायचं? मागच्या सेमिस्टरला असाइनमेंट लिहिताना मी या एका शब्दापाशी दोन दिवस अडून बसले होते. चर्चमध्ये ‘कारभारीपण’ हा शब्द कानावर पडतो. गांधीजींमुळे ‘विश्वस्त’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पण कारभारी म्हटलं की डोळ्यासमोर हिशेबाची वही येते, आणि विश्वस्त म्हटलं की ट्रस्टची मीटिंग. दोन्ही शब्दांच्या हाताला माती लागलेली दिसत नाही. बायबलच्या पहिल्या पानांवरचा माणूस मात्र मातीतूनच घडवलेला आहे, आणि देव त्याला नेऊन ठेवतो तेही एका बागेत.

म्हणून या अभ्यासलेखात मी उत्पत्तीचे पहिले चार अध्याय एका शेतकऱ्याच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचणार आहे. ही गोष्ट ‘गुरुचरित्रा’तली, गाणगापूरच्या शिवारात घडलेली. माझं आजोळ अक्कलकोट तालुक्यात, त्यामुळे गाणगापूर हे नाव लहानपणापासून शेजारच्या घरांतून ऐकलेलं. दोन धर्मांचं गणित जुळवायचा माझा उद्देश नाही. दोन्ही ग्रंथ आपापल्या जागी राहू द्यावेत. पण एकाच प्रश्नावर दोन गोष्टी काय म्हणतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारायला हरकत नसावी. प्रश्न असा : जी जमीन आपली नाही, तिच्यावर आपण काम का करायचं आणि कसं करायचं?

१. काम ही शिक्षा आहे का?

माझी आजी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. संध्याकाळी कंबर धरून ओट्यावर बसली की म्हणायची, “आदामानं फळ खाल्लं, अन् निस्तरायचं आपण.” हे फक्त आजीचं मत नाही. घाम गाळून भाकरी खाणं हा एदेनमधून बाहेर काढल्याचा दंड आहे, असं आपल्यापैकी बरेच जण धरून चालतात.

आता मजकुराचा क्रम बघा. फळ खाल्ल्याची गोष्ट तिसऱ्या अध्यायात आहे. माणसाला बागेत काम नेमून दिल्याचं वचन त्याआधी, दुसऱ्या अध्यायाच्या १५व्या ओळीत आहे. म्हणजे काम आधी आणि पाप नंतर. त्याहून मागे, २:५ मध्ये, जमीन उजाड का होती याची दोन कारणं दिली आहेत : देवाने अजून पाऊस पाडला नव्हता, आणि जमीन कसायला माणूस नव्हता. पाऊस वरून यायचा, कसणारा खालून, मातीतून. हिब्रूत माणूस म्हणजे ‘आदाम’ आणि जमीन म्हणजे ‘आदामा’. आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पाऊस आणि माणूस, दोन्हींपैकी एक नसलं की रान पडीक.

मग शाप कोणाला? ३:१७ नीट वाचलं तर शाप जमिनीला मिळतो, माणसामुळे. माणसाला शाप दिल्याचं तिथे म्हटलेलं नाही, आणि कामालाही नाही. बदलतं ते एवढंच की कामात काटेकुसळं येतात, घाम येतो, आणि राबूनही हाती किती लागेल याची खात्री राहत नाही. मराठीत ‘काम’ आणि ‘कष्ट’ असे दोन शब्द आहेत, ते इथे उपयोगी पडतात. एदेनमध्ये काम होतं. एदेनच्या बाहेर कामाला कष्ट चिकटले. आजीच्या कंबरेचं दुखणं खरं होतं, पण तिने खुरपलेली ओळ हा दंड नव्हता. ती त्या पहिल्या नेमणुकीचाच भाग होती.

याचं वेगळेपण कळायला बाबिलोनकडे बघावं लागतं. तिथल्या ‘एनुमा एलिश’ या सृष्टिकथेत माणूस घडवला जातो तो देवांचे कष्ट आपल्या अंगावर घेण्यासाठी. देवांना आराम हवा म्हणून माणूस. उत्पत्तीमध्ये देव स्वतः काम करतो. तो कुंभारासारखी माती मळतो, माळ्यासारखी बाग लावतो, आणि सातव्या दिवशी थांबतो. ज्याचा धनी स्वतः मातीत हात घालतो, त्या घरात मातीचं काम हलकं ठरवता येत नाही.

पोप योहान पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमावर परिपत्रक लिहिलं, ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’. त्यातला गाभ्याचा विचार असा की कामाची किंमत आधी काम करणाऱ्यावरून ठरते, कामाच्या प्रकारावरून नाही. हे लिहिणारा माणूस तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, क्राकोवजवळच्या दगडखाणीत राबलेला होता. ते वाचताना मला आपल्या घरांतली शहाबादी फरशी आठवली. ज्या शहाबादवरून तिला नाव पडलं ते गाव गाणगापूरच्याच जिल्ह्यात, कलबुर्गीत आहे. ती फरशी आपण रोज पुसतो, पण ती खाणीतून काढणाऱ्याचा विचार किती वेळा करतो?

२. दोन क्रियापदं

२:१५ मध्ये माणसाला दोन कामं दिली आहेत. हिब्रू क्रियापदं आहेत ‘आबाद’ आणि ‘शामार’. (आपल्या ‘आबादीआबाद’मधला फारसी शब्द वेगळा. साम्य फक्त कानाला.) ‘आबाद’ म्हणजे कसणं, सेवा करणं. ‘शामार’ म्हणजे सांभाळणं, जपणं, पहारा देणं. मराठीत यांना नेमके शब्द आहेत : मशागत आणि राखण.

मशागतीत नांगरणी, कुळवणी, खुरपणी सगळं आलं. राखण म्हणजे काय, ते ज्वारी दाण्यावर आली की कळतं. शेतात माळा उभा राहतो, त्यावर गोफण घेऊन कोणीतरी दिवसभर पाखरं हाकत बसतं. राखणदार नवं काही पेरत नाही, उगवत नाही. जे उभं आहे ते उभं राहावं, एवढंच त्याचं काम. पण तो नसेल तर मशागत पाखरांच्या पोटात जाते.

ही दोन क्रियापदं पुढे ‘गणना’ या पुस्तकात पुन्हा जोडीने येतात, आणि तिथे ती लेवी लोकांच्या निवासमंडपातल्या सेवेसाठी वापरली आहेत. म्हणजे बागेतलं काम आणि पवित्रस्थानातलं काम यांना हिब्रू बायबल एकच शब्दजोडी वापरतं.

इथे एक अडचण बाजूला सारून चालणार नाही. पहिल्या अध्यायात, १:२८ मध्ये, माणसाने पृथ्वी ताब्यात आणावी आणि प्राण्यांवर सत्ता चालवावी असंही म्हटलं आहे. तिथली क्रियापदं, ‘काबाश’ आणि ‘रादा’, कडक आहेत. १९६७ मध्ये लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गाजलेला लेख लिहून आरोप केला की निसर्गाकडे मालकाच्या नजरेने बघायला पश्चिमेला याच परंपरेने शिकवलं. हा आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण ती वचनं तशी वापरली गेली आहेत.

पण मजकुराला उत्तर मजकुरातूनच द्यावं. सत्ता दिल्यावर लगेच पुढच्या ओळीत, १:२९ मध्ये, माणसाला अन्न म्हणून धान्य आणि फळं दिली आहेत. ज्या प्राण्यांवर सत्ता, त्यांना मारून खाण्याची परवानगी तिथे नाही. लेवीय २५ मध्ये ‘रादा’ हेच क्रियापद येतं ते मनाईसाठी : आपल्या भाऊबंदावर कठोरपणे सत्ता गाजवू नका. आणि त्याच अध्यायाच्या २३व्या ओळीत देव स्पष्ट सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे, आणि माणसं त्याच्याकडे उपरी म्हणून, कुळं म्हणून राहिलेली आहेत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात १:२८ हे २:१५ सोबतच वाचायला हवं असं मांडलं, त्याचा आधार हाच आहे. सत्तेचा अर्थ मशागत आणि राखण यांच्यावरून लावायचा.

‘कुळं’ या शब्दापाशी आता थांबूया. गाणगापूरची गोष्ट इथेच भेटते.

३. पर्वतेश्वराचं शेत

गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ आहे. १५व्या शतकात नृसिंह सरस्वती इथे दीर्घकाळ राहिले, आणि त्यांची कथा सरस्वती गंगाधरांनी ‘गुरुचरित्रा’त ओवीबद्ध केली. सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड मानली जाते. तरी ग्रंथ मराठीत आहे. आपल्या साहित्यमंडळाला यात एक योगायोग दिसावा : १६१६ मध्ये राशोलला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ही असंच, इंग्रज माणसाने मराठी ओवीत लिहिलेलं. सुमारे ११ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाचं पहिलं पुराण सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होतं. मराठी मागून शिकलेल्या दोन माणसांनी आपला सगळ्यात मोठा विषय ओवीच्या हाती सोपवला.

‘गुरुचरित्रा’च्या ४७व्या अध्यायात पर्वतेश्वर नावाचा शेतकरी आहे. त्याचं शेत संगमाच्या वाटेवर. गुरू स्नानाला जाता-येता तो हातातलं काम सोडून धावत येतो, नमस्कार करतो आणि पुन्हा शेतात जातो. हे बरेच दिवस चालतं. एके दिवशी गुरू विचारतात, तुला हवं तरी काय? तो म्हणतो, माझ्या पिकावर एकदा नजर टाका. गुरू शेतात येतात, ज्वारी बघतात आणि म्हणतात, विश्वास असेल तर मी परत यायच्या आत हे सगळं पीक कापून टाक.

पीक तेव्हा कच्चं आहे. कच्ची ज्वारी कापली तर हाती येते फक्त वैरण. पर्वतेश्वर कोयता उचलण्याआधी गावच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि गेल्या वर्षापेक्षा दुप्पट धान्य देईन असं कबूल करतो. घरची माणसं रडतात, आडवी येतात. तो पीक कापतो. पुढे थंड वाऱ्याने गावातलं उभं पीक जातं, मग अवेळी पाऊस पडतो, आणि पर्वतेश्वराच्या कापलेल्या धाटांना फुटवे येऊन कितीतरी पट ज्वारी होते.

भाविकाला या गोष्टीत गुरुवचनावरची निष्ठा दिसते, आणि गोष्ट सांगितली आहे तीही त्यासाठीच. मी शेतीच्या अंगाने वाचते तेव्हा मला आणखी तीन गोष्टी दिसतात.

पहिली, चमत्कार शेतकऱ्याला ओळखीच्या वाटेने येतो. कापलेल्या ज्वारीला ओल मिळाली की धाटाला फुटवे येतात, त्याला आपण खोडवा म्हणतो. आकाशातून धान्याची पोती पडत नाहीत. जे वाढतं ते त्याच्या आधीच्या मशागतीच्या मुळांवर वाढतं.

दुसरी, पर्वतेश्वर पूर्ण मालक नाही. शेतावर वरचा हक्क आहे, म्हणून तो आधी दुसऱ्याचा वाटा पक्का करतो आणि मग आपल्या श्रद्धेचा धोका पत्करतो. मला गोष्टीतली ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. देवावर भरवसा ठेवून दुसऱ्याचं नुकसान करायची मुभा तो घेत नाही. बुडालंच तर त्याचं स्वतःचं बुडेल. ‘स्टुअर्डशिप’चा अर्थ मला इथे जितका स्वच्छ दिसला तितका कुठल्या व्याख्येत दिसला नाही. हाती आलेलं दुसऱ्याचं आहे, हे विश्वासाच्या क्षणीही न विसरणं.

तिसरी गोष्ट टोचणारी आहे. पोथी पर्वतेश्वराची ओळख ‘शूद्र’ अशी करून देते. वर्णाची चौकट गोष्टीत गृहीत धरलेली आहे. पण त्याच चौकटीत गुरू वाट वाकडी करून त्याच्या शेतात जातात, त्याच्या कामाकडे बघतात. आम्ही ख्रिस्ती वाचकांनी इथे फार पुढे होऊन बोलू नये. जातीने आपल्याकडच्या चर्चचा उंबरठाही ओलांडला आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

फरकही सांगायला हवा. एदेनमध्ये माणसाला आज्ञा मिळते ती अख्ख्या मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून, आणि ती रोजच्या कामाची आज्ञा आहे. पर्वतेश्वराला मिळते ती एका दिवसाची, एकट्याची परीक्षा. एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही. शेजारी ठेवल्यावर एवढंच होतं की एकीतला न दिसलेला कोपरा दुसरीच्या उजेडात दिसतो.

४. काइन : मशागत आहे, राखण नाही

माणसाला एदेनबाहेर काढल्यावर त्या दोन क्रियापदांचं काय होतं, ते शोधून बघा. ३:२३ मध्ये माणसाला जमीन कसायला पाठवलं जातं, तिथे ‘आबाद’ आहे. ‘शामार’ त्याच्यासोबत जात नाही. ते पुढच्या ओळीत करूबांकडे जातं, जीवनवृक्षाच्या वाटेवर पहारा द्यायला. माणसाच्या हाती मशागत उरली. राखण कुठे गेली?

चौथ्या अध्यायात तिचं उत्तर मिळतं, आणि ते भयंकर आहे. काइन जमीन कसणारा आहे. तिथेही क्रियापद ‘आबाद’. तो भावाला मारतो. देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? काइन उलट विचारतो की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे का. हा राखणदार म्हणजे ‘शोमेर’, ‘शामार’ करणारा. पहिला शेतकरी राखणीचं काम नाकारतो, आणि ज्या मातीची तो मशागत करत होता ती त्याला पीक देईनाशी होते.

इथे ‘शामार’चा अर्थ वाढला. दुसऱ्या अध्यायात राखण बागेची होती. चौथ्यात ती भावाची आहे. बाग आणि भाऊ यांची राखण एकाच क्रियापदात बांधलेली आहे.

हे फार पुस्तकी वाटत असेल तर भीमेकडे बघा. ती भीमाशंकरला उगम पावते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वस्तीतून वाहत आलेली मुळा-मुठा तिला मिळते. मग उजनी धरण, मग पंढरपूर, जिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो, आणि त्याच्याही खाली गाणगापूर. पुण्यात होस्टेलला राहणारा विद्यार्थी बेसिनमध्ये जे ओततो, त्याच्या वाटेवर संगम आहे. तिथे कोणीतरी ओंजळ भरून घेतंय, कोणी त्याच पाण्यावर तूर-ज्वारी-ऊस काढतंय. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला तेव्हा कलबुर्गी जिल्ह्यातली काठावरची शेतं पाण्याखाली गेली. पाऊस, धरणातला विसर्ग, पात्रातला वाळूउपसा, काठावरची बांधकामं, यांतलं काहीच एका गावापुरतं नसतं. वरच्या गावाने मी काय खालच्या गावाचा राखणदार आहे का असं विचारलं, तर तो काइनचाच प्रश्न आहे.

आणि संगमावर येणाऱ्यांनाही तो लागू आहे. प्लास्टिक, जुने कपडे, निर्माल्य नदीत सोडून आपण पवित्र होत असू, तर कोणाच्या खर्चाने? वेलंकणीच्या समुद्रकाठी आणि आपल्या यात्रांच्या मैदानांवर आम्ही वेगळं काही करत नाही, म्हणून हा प्रश्न दोन्ही घरांचा आहे.

५. थांबणं

मशागत आणि राखण यांना जोडणारा तिसरा धागा म्हणजे शब्बाथ. देव सातव्या दिवशी थांबतो. पुढे आज्ञा होते तेव्हा विसाव्याच्या यादीत नोकर-चाकर, परका आणि जनावरंसुद्धा येतात, आणि लेवीय २५ मध्ये दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा मिळतो. जो थांबू शकत नाही तो मालकाच्या ऐटीत आहे, किंवा गुलाम तरी आहे. खंडाने जमीन घेतलेल्या माणसाला ठाऊक असतं की ही जमीन माझ्यानंतरही कोणालातरी लागणार आहे.

‘गुरुचरित्रा’च्या २२व्या अध्यायात गाणगापूरच्याच एका गरीब घरची म्हातारी, वांझ म्हैस आहे. लोक ती भाड्याने नेऊन तिच्यावर माती वाहतात. ती दुधाला येते तेव्हा तिची ओझ्यातून सुटका होते. आपल्या सीमाभागात कारहुणवीला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हेही त्याच जाणिवेतलं. सगळीकडे जनावराला एक दिवस ‘काम करणारं यंत्र’ या यादीतून बाहेर काढलेलं आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना आठवड्यातला एक दिवस पगारी सुट्टी असते का, हे आधी तपासावं आणि मग शब्बाथवर बोलावं.

६. भाकरी

गाणगापूरला दुपारी माधुकरीची प्रथा आहे. भाविक झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागतात. गावातल्या बाया भाकरी, भात, वरण वाढतात. त्या वेळी दत्तगुरू स्वतः भिक्षेला येतात अशी श्रद्धा असल्याने मागणाऱ्याला कोणी हलकं समजत नाही. झोळीत सहसा कच्ची ज्वारी पडत नाही, भाकरी पडते. म्हणजे कसणाऱ्याचा, दळणाऱ्याचा, थापणाऱ्याचा हात त्यात आहेच.

आपल्या मिस्सामध्येही वेदीवर गहू ठेवत नाहीत, भाकर ठेवतात. द्राक्षं ठेवत नाहीत, द्राक्षारस ठेवतात. अर्पणाच्या प्रार्थनेत भूमीचं देणं आणि माणसाच्या हातांचं काम या दोन्हींची नावं घेतली जातात. देवाला परत द्यायचं ते आपल्या कामाने बदललेलं असावं, अशी ही रीत आहे.

‘स्टुअर्डशिप’साठी एकच मराठी शब्द मला अजूनही सापडलेला नाही. असाइनमेंटमध्ये मी शेवटी ‘मशागत आणि राखण’ असे दोन शब्द लिहिले, आणि सरांनी ते तसेच राहू दिले. आता मला वाटतं की ते दोनच असावेत. एका शब्दात बसवायला गेलं की दुसरं काम सुटतं.

चर्चेसाठी प्रश्न

१. उत्पत्ति २:१५, ३:२३ आणि ४:९ एकत्र वाचा. तुमच्या स्वतःच्या कामात (अभ्यास, घरकाम, नोकरी) मशागत कोणती आणि राखण कोणती?

२. पर्वतेश्वर आधी दुसऱ्याचा वाटा कबूल करतो. आपण ‘श्रद्धेने’ घेतलेल्या एखाद्या निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली आहे का?

३. तुमच्या गावातलं किंवा वस्तीतलं सांडपाणी कोणत्या नदीला मिळतं? त्या नदीवर खाली कोणती गावं आहेत, त्यांची नावं लिहून आणा.

४. ‘कारभारी’, ‘विश्वस्त’, ‘राखणदार’, ‘खंडकरी’ यांपैकी तुम्ही कोणता शब्द निवडाल? तुमच्या बोलीत याहून चांगला शब्द असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत सांगा.